एक बाँबफेकी विमान आणि त्याचा वैमानिक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आम्हीही एक पुष्प गुंफावे, अशी कार्यकारिणीने आज्ञा केली आणि आम्ही विषय कळविला. दुसऱ्याच दिवशी आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आम्हांस रस्त्यात गाठून विचारले, "अहो, मंडळाला पन्नास वर्षे झाली. या मंगल प्रसंगी ज्ञानोबा-तुकोबांवर बोलायचे सोडून हे बाँबफेकी विमान कोठून काढलेत?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर रस्त्यात उभ्या उभ्या देण्याजोगे नव्हते, म्हणून ते आज आपणा सर्वांसमोर देण्याचे योजिले आहे.

आपले हे देहराडून शहर. येथे डालनवाला भागाच्या कडेला, रिस्पना नदीच्या काठी 'राफेल' नावाची एक संस्था आहे. हल्ली राफेल म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे लढाऊ विमान उभे राहते. हे नाव मात्र त्या विमानाचे नव्हे. ख्रिस्ती परंपरेत रोग्यांना बरे करणारा म्हणून जो देवदूत मानला जातो, त्याचे हे नाव आहे. कुष्ठरोगी, ज्यांना पूर्वी मतिमंद म्हणत ती मुले, क्षयरोगी आणि निराधार यांच्यासाठी 1959 साली ही संस्था निघाली. गंमत अशी की देवदूताचे नाव धारण करणारी ही संस्था ज्यांनी काढली, त्यांपैकी एक गृहस्थ खरोखरच विमानातून आले होते, आणि ते विमान बाँबफेकी होते. त्यांचे नाव लिओनार्ड चेशायर. आज त्यांची कथा सांगावयाची आहे.

चेशायर यांचा जन्म 7 सप्टेंबर 1917 रोजी इंग्लंडातील चेस्टर येथे झाला. वडील कायद्याचे मोठे पंडित होते. खासगी आंतरराष्ट्रीय कायद्यावरील त्यांचा ग्रंथ आपल्याकडील वकिलांच्या कपाटातही आढळतो. आमच्या कचेरीतील एका विधिज्ञ सहकाऱ्यांनी प्रथम चेशायर हे नाव घेतले ते या ग्रंथाच्या संदर्भात, आणि वैमानिक चेशायर हे त्याच ग्रंथकाराचे पुत्र, हे कळल्यावर आमचे कुतूहल वाढले. पुत्रानेही ऑक्सफर्डमध्ये कायद्याचाच अभ्यास केला. तथापि विद्यापीठाच्या हवाई पथकात विमान चालविण्याचा नाद लागला, दुसरे महायुद्ध सुरू झाले, आणि जून 1940 मध्ये हा तरुण यॉर्कशायरमधील 102 क्रमांकाच्या बाँबफेकी पथकात दाखल झाला.

या पथकाकडे जी विमाने होती त्यांचे नाव व्हिटली. हे विमान दिसावयास मुळीच देखणे नव्हते. 1936 साली ते पहिल्यांदा उडाले, आणि युद्ध सुरू होईपर्यंत ते मागासलेले ठरू लागले होते. दोन इंजिने, ताशी सव्वादोनशे मैलांच्या आसपास कमाल वेग, आणि पंख अशा कोनात बसविलेले की आडवे उडत असतानाही विमानाचे नाक खाली झुकलेले दिसे. एखादा वृद्ध गृहस्थ हरवलेली वस्तू शोधीत मान खाली घालून चालावा, तसे. युद्धाच्या पहिल्याच रात्री जर्मनीवर गेलेल्या व्हिटली विमानांनी बाँब टाकले नाहीत, पत्रके टाकली. पुढे पत्रकांची जागा बाँबनी घेतली. आत थंडी अशी की उंचावर गेल्यावर बोटे चालत नसत.

या विमानात पाच माणसे असत. दोन वैमानिक, एक दिशादर्शक, एक बिनतारी यंत्र चालविणारा आणि शेपटाकडील चार बंदुकांच्या घुमटात बसणारा पाचवा. या पाचव्या माणसाची स्थिती लक्षात घेण्याजोगी आहे. बाकीचे चौघे पुढच्या भागात एकमेकांच्या आसपास असत. हा मात्र साऱ्या विमानाची लांबी मध्ये ठेवून एकटाच, पाठमोरा, अंधाराकडे तोंड करून सात-सात आठ-आठ तास बसे. त्याला सोबत एवढीच, की कानावरच्या यंत्रातून अधूनमधून येणारा वैमानिकाचा आवाज.

चेशायर प्रथम दुय्यम वैमानिक होते. त्यांचे मुख्य होते लाँग नावाचे न्यूझीलंडचे एक उंचेपुरे वैमानिक. लाँग यांनी या ऑक्सफर्डच्या पदवीधराला जो धडा दिला, तो आमच्या मते या साऱ्या कथेचा गाभा आहे. विमान चालविता आले म्हणजे झाले, असे नव्हे. विमानातील प्रत्येकाच्या जागेवर जाऊन बस, त्याचे काम शीक, अंधारात त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही हे स्वतः पाहा, असा त्यांचा दंडक होता. वैमानिकाच्या पुढ्यातील कळा डोळे बांधूनही हाताला लागल्या पाहिजेत, आणि शेपटाकडे बसलेल्या माणसाची भीती स्वतःच्या अंगाला कळली पाहिजे. पुढे लाँग युद्धात कामी आले. शिष्याने धडा विसरला नाही.

त्या धड्याची परीक्षा फार लवकर झाली. 12 नोव्हेंबर 1940 च्या रात्री चेशायर मुख्य वैमानिक म्हणून व्हिटली घेऊन निघाले. लक्ष्य होते कोलोन शहराजवळील वेसलिंग येथील तेलाचा कारखाना. ढगांमुळे लक्ष्य नीट सापडेना, तेव्हा विमान कोलोनच्या रेल्वे यार्डाकडे वळले. त्याच वेळी विमानभेदी तोफांचे गोळे अगदी लगत फुटले. लक्ष्य उजळण्यासाठी खाली सोडावयाची मोठी चंद्रज्योत विमानाच्या पोटात तयार ठेवलेली होती, तिचा तेथेच स्फोट झाला. विमानाच्या एका अंगाला भले मोठे भगदाड पडले, आत आग लागली आणि धुराने काही दिसेना. क्षणभर विमान ताब्यातून सुटून खाली झेपावू लागले. चेशायर यांनी ते सावरले. सहकाऱ्यांनी आग विझविली.

चंद्रज्योतीजवळ उभा होता तो बिनतारी यंत्र चालविणारा डेव्हिडसन. त्याचा चेहरा आणि हात भयंकर भाजले होते, डोळ्यांनी दिसत नव्हते. अशाही अवस्थेत तो आपल्या यंत्रापाशी नेण्याचा आग्रह धरीत होता, कारण विमानाला परतीची दिशा सापडावयाची तर ते यंत्र चालले पाहिजे, हे तो जाणत होता. सहकाऱ्यांनी त्याचे चाचपडणारे हात कळांपर्यंत नेले आणि तो काम करू लागला. फाटलेल्या अंगातून वारा घोंगावत असलेले ते विमान रात्रभराच्या प्रवासानंतर इंग्लंडात उतरले. एकंदर साडेआठ तास ते हवेत होते. चेशायर यांना डी.एस.ओ. हा सन्मान मिळाला, डेव्हिडसनलाही शौर्यपदक मिळाले. विमान परत आणले ते वैमानिकाने, हे खरे; पण ते पाचांनी मिळून आणले होते.

पुढील चार वर्षांचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. व्हिटलीनंतर चेशायर चार इंजिनांच्या हॅलिफॅक्स विमानावर गेले. ऑगस्ट 1941 मध्ये त्यांचे धाकटे बंधू ख्रिस्तोफर, तेही वैमानिकच, बर्लिनवरील हल्ल्यातून परत आले नाहीत. ते जर्मनांच्या कैदेत पडले होते. 1942 मध्ये चेशायर यांच्याकडे 76 क्रमांकाच्या पथकाचे नेतृत्व आले. त्या पथकातील हॅलिफॅक्स विमाने फार संख्येने नष्ट होत होती. आपली माणसे का मरतात, हा प्रश्न त्यांनी वरिष्ठांच्या टिपणावर सोडून दिला नाही. स्वतः विमान उडवून पाहिले, ते जड आणि मंद आहे असे ठरविले, आणि ज्याच्यावाचून निभेल असा पुढील घुमटासारखा भार काढून टाकविला. विमानाची देखभाल करणाऱ्या मेकॅनिकांनाही ते नावाने ओळखत.

1943 च्या वसंतात, वयाच्या 25 व्या वर्षी, त्यांना ग्रुप कॅप्टनचे पद मिळाले आणि ते एका प्रशिक्षण तळाचे प्रमुख झाले. आपणांपैकी जे आमच्यासारखे सरकारी नोकरीत आहेत, त्यांनी पुढील गोष्ट लक्षपूर्वक ऐकावी. बढती मिळालेल्या या अधिकाऱ्याला टेबलाजवळची खुर्ची बोचू लागली. पद एका पायरीने खाली आणा, पण पुन्हा उडू द्या, असे त्यांनी स्वतः मागून घेतले. आम्हांला इतक्या वर्षांच्या नोकरीत पदावनतीचा अर्ज केलेला एकही इसम भेटलेला नाही!

ते मागणे मान्य होऊन त्यांच्याकडे 617 क्रमांकाचे पथक आले. मे 1943 मध्ये जर्मनीतील धरणे फोडण्यासाठी ज्या पथकाची 19 लँकास्टर विमाने गेली आणि 8 परतली नाहीत, तेच हे पथक. येथे चेशायर यांनी नवी पद्धत रूढ केली. उंचावरून अंदाजाने बाँब टाकले तर ते लक्ष्यावर कमी आणि आसपासच्या वस्तीवर अधिक पडतात. म्हणून नेत्याने अगदी खाली जाऊन लक्ष्यावर जळती खूण टाकावी, आणि मग इतरांनी वरून त्या खुणेवर नेम धरावा, अशी ही पद्धत होती. तिच्यात नेत्याच्या जिवाला धोका सर्वांत अधिक होता.

फेब्रुवारी 1944 मधील फ्रान्समधील लिमोजची रात्र या दृष्टीने स्मरणीय आहे. जर्मनांच्या ताब्यातील विमान-इंजिनांचा तो कारखाना होता आणि रात्रपाळीला तेथे फ्रेंच स्त्रिया काम करीत. चेशायर यांनी आपले लँकास्टर कारखान्याच्या छपराला खेटून एकदा नव्हे, तीन वेळा नेले. हेतू एकच: आतील कामकरणींना धोका कळावा आणि त्यांना बाहेर पळून जाण्यास अवधी मिळावा. चौथ्या खेपेस खूण टाकली. कारखाना उद्ध्वस्त झाला आणि आसपासच्या वस्तीला फारशी झळ लागली नाही. ज्या विमानात बसून खालची माणसे दिसतच नाहीत, त्या विमानात बसून या माणसाने त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले होते.

एप्रिल 1944 मध्ये लहानशा मॉस्किटो विमानातून ते म्यूनिकवर गेले. परतीपुरते इंधन उरेल की नाही याचा भरवसा नसताना, तोफांच्या माऱ्यात, हजार फुटांहूनही खालून ते त्या शहरावर उडत राहिले. त्या वर्षीच्या जुलैपर्यंत त्यांच्या शंभर मोहिमा पूर्ण झाल्या आणि वरिष्ठांनी त्यांना थांबविले. 8 सप्टेंबर 1944 रोजी व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हा सन्मान बहुधा एखाद्या रणप्रसंगातील एका अचाट कृत्यासाठी मिळतो. चेशायर यांना तो चार वर्षांच्या अखंड धैर्यासाठी मिळाला.

परंतु बंधूंनो, येथवरच थांबलो तर ती वीरगाथा होईल, आणि अर्धसत्य होईल. ब्रिटनच्या बाँबफेकी दलात सुमारे सव्वा लाख माणसे विमानांतून लढली. त्यांपैकी 55,573 मृत्युमुखी पडली. दर शंभरांत चव्वेचाळीस! आणि खाली? जर्मनीतील शहरे जळाली, लाखो नागरिक, त्यांत बायका-मुले-वृद्ध, प्राणांस मुकले. लिमोजसारखी रात्र अपवाद होती. आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो: अशा माणसाचा गौरव कशासाठी?

त्यात भर अशी की 9 ऑगस्ट 1945 रोजी नागासाकीवर अणुबाँब पडला तेव्हा ब्रिटनचे निरीक्षक म्हणून चेशायर एका विमानात होते. त्यांचे विमान ठरलेल्या ठिकाणी इतरांना गाठू शकले नाही, म्हणून स्फोट जवळून दिसला नाही. दुरून तो आकाशात चढणारा ढग तेवढा दिसला. यावरून एक आख्यायिका रूढ झाली आहे, की तो ढग पाहून त्यांना पश्चात्ताप झाला आणि ते सेवेकडे वळले. आपल्याला अशी कथा आवडते, कारण वाल्याचा वाल्मीकी होण्याची सवय आपल्या कानांना आहे. पण चेशायर यांनी स्वतः तसे सांगितले नाही. हिटलरविरुद्धचे युद्ध लढणे भाग होते आणि त्या बाँबने युद्ध संपले, हे त्यांचे मत अखेरपर्यंत कायम होते. त्यांच्या या मताशी आपण सहमत व्हावे असे आम्ही म्हणत नाही. आम्ही स्वतः पूर्णतः सहमत नाही. परंतु ज्याची कथा सांगावयाची त्याच्या तोंडी त्याने न उच्चारलेला पश्चात्ताप घालणे हेही प्रामाणिकपणाचे नव्हे.

मग ते सेवेकडे वळले कसे? 1946 च्या आरंभी त्यांनी हवाई दल सोडले. युद्धातून परतलेल्यांनी एकत्र राहावे अशी एक वसाहत त्यांनी काढली. ती कर्जात बुडाली. हॅम्पशायरमधील ले कोर्ट नावाचे एक रिकामे, थंडगार घर तेवढे हाती राहिले. 1948 साली वसाहतीत पूर्वी राहिलेले आर्थर डाइक्स नावाचे एक गृहस्थ कर्करोगाने आजारी असल्याचे त्यांना कळले. रुग्णालयाजवळ त्यांच्यासाठी करण्यासारखे काही उरले नव्हते, आणि जावयास ठिकाण नव्हते. चेशायर यांनी त्यांना त्या रिकाम्या घरी आणले. शुश्रूषेचे शिक्षण नाही, गाठीला पैसा नाही. व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेला तो माणूस स्वतः स्वयंपाक करी, रुग्णाला पुसून काढी, अंथरूण बदली आणि रात्री हाक ऐकू यावी म्हणून जवळपास निजे. ऑगस्टमध्ये डाइक्स वारले. तोवर दुसरा रुग्ण दाराशी आला होता, मागोमाग तिसरा. चेशायर होम्स अशी सुरू झाली. कोणी समिती नेमली नव्हती.

आमच्या अल्पमतीस यात हृदयपरिवर्तन दिसत नाही. आम्हांस दिसते ते व्हिटली विमानच. प्रत्येकाच्या जागेवर जाऊन बसण्याचा जो धडा लाँग यांनी दिला, तोच येथे उपयोगी पडला. शेपटाच्या घुमटात एकट्या बसलेल्या माणसाला ज्याने विसरावयाचे नाही असे ठरविले होते, त्याला मागच्या खोलीत एकटा पडलेला रोगी विसरता आला नाही, इतकेच. युद्धाने त्यांना पुष्कळ काही शिकविले असेल. त्यांनी सोबत आणले ते एवढे.

यापुढचा धागा आपल्या देशाकडे येतो. भारत चेशायर यांना अगदी अपरिचित नव्हता. 1944 च्या उत्तरार्धात काही काळ ते कलकत्त्याच्या हवाई मुख्यालयात होते. 1955 च्या सुमारास ते पुन्हा आले, आणि इंग्लंडबाहेरील त्यांच्या कार्याचा आरंभ झाला तो आपल्या मुंबईत, अंधेरीच्या महाकाली गुंफांच्या रस्त्यावरील 'बेथलेहेम हाउस'पासून. 5 एप्रिल 1959 रोजी मुंबईतच त्यांचा विवाह स्यू रायडर यांच्याशी झाला. त्यांनी युद्धकाळात पोलंडच्या गुप्त लढवय्यांसोबत काम केले होते आणि युद्धानंतर छळछावण्यांतून वाचलेल्यांची सेवा केली होती. त्याच वर्षी या दांपत्याने येथे, रिस्पनाच्या काठी, 'राफेल' काढले. चेशायर 31 जुलै 1992 रोजी निवर्तले. अखेरच्या काळात त्यांचेच स्नायू एकेक करून निकामी झाले होते. शेवटी त्या खाटेवरची जागाही त्यांनी अनुभवली.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर. ते थोडे घरगुती आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

आम्ही बदली होऊन येथे आलो तेव्हा आई-वडील नुकतेच निवर्तले होते आणि धाकट्या बंधूंना आम्ही गावाहून सोबत आणले होते. ते जन्मापासून मेंदूच्या विकाराने पांगळे आहेत. बोलणे तुटक, पण समज चांगली. मंडळातील आपण सारे आमच्या घरी येत होता. हळदीकुंकू होई, गणपतीची आरती होई, कोजागरीचे दूध आटे. अशा प्रत्येक वेळी आम्ही आतल्या खोलीचे दार लोटून घेत असू. आम्हांस कोणी तसे सांगितले नव्हते. पाहुण्यांना अवघड वाटेल, असे आम्ही स्वतःच्या मनाला सांगत होतो. आरती ऐकून ते आतून टाळ्या वाजवीत, तेव्हा आम्ही बाहेर जरा मोठ्याने म्हणू लागत असू. पाच वर्षे हे चालले. आपणांपैकी कित्येकांस आमच्या घरी चौथे माणूस आहे हे ठाऊकही नव्हते.

एका दिवाळीत मंडळातर्फे फराळाचे डबे घेऊन आम्ही 'राफेल'मध्ये गेलो. दातृत्वाचा थोडा तोरा मनात होताच. तेथे एक सेविका एका मुलाला चकली भरवीत बसली होती. चमचाभर तुकडा, मग थांबणे, मग पुन्हा तुकडा. तिला घाई नव्हती, आणि दार उघडे होते. आम्ही पाहिले इतकेच. परतताना सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, आम्हीही बोललो नाही. ही संस्था काढणारा कोण, याचा शोध आम्ही त्यानंतर घेतला. व्हिटली विमान भेटले, लाँग भेटले, शेपटाकडचा पाचवा माणूस भेटला. आमच्या घरातील पाचवा माणूस कोठे बसतो, हे त्या दिवशी आम्हांस प्रथम कळले. पुढील गणेशोत्सवात आम्ही चाकांची खुर्ची घेऊन मांडवात आलो. आपण कोणीही आश्चर्य दाखविले नाही. एका काकूंनी त्यांच्या हाती टाळ दिला. त्या काकू आज नाहीत. त्यांचे ऋण या व्यासपीठावरून मान्य करतो.

बंधू-भगिनींनो, घरापासून शेकडो कोस दूर आलेली आपण माणसे. मंडळ म्हणजे आपले एक विमानच म्हणा ना. पुढे बसणारे अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार सर्वांना दिसतात. पण पन्नास वर्षांत या मंडळाच्या शेपटाकडे कोणी बसलेले राहिले नाही ना? मुले परदेशी गेल्यावर एकाकी झालेले वृद्ध, पतीच्या पश्चात वर्गणी परवडत नाही म्हणून येईनाशी झालेली भगिनी, आणि कोणाच्या तरी घरी लोटलेल्या दाराआड टाळ्या वाजविणारे एखादे मूल? सुवर्णमहोत्सवी वर्षात सभागृहाला रंग द्यावा, स्मरणिका काढावी, हे सर्व उचितच. त्याबरोबर प्रत्येकाच्या जागेवर एकदा जाऊन बसावे, एवढी आमची विनंती आहे.

आमचे बंधू आज पहिल्या रांगेत बसले आहेत. भाषण लांबले हे त्यांना पटलेले दिसते. केव्हापासून ते आम्हांस हाताने 'पुरे' अशी खूण करीत आहेत. त्यांची आज्ञा मोडण्याचे धैर्य आमच्यापाशी नाही.